चौऱ्याऐंशी अंश

क्लिफर्ड टॅटरसॉलनं एकतीस वर्षं थॉर्नशॉ गावाला कोमट पाण्यात पोहवलं, आणि त्या एकतीस वर्षांत एकही माणूस पोहण्याच्या तलावाखालच्या तळघराच्या पायऱ्या उतरून "आज पाणी छान होतं हं" असं सांगायला आला नाही. पाणी जरा गार असलं की मात्र पायऱ्यांवर रांग. शाळेच्या बाई यायच्या, पोहण्याच्या क्लबचा सेक्रेटरी यायचा, एकदा तर चर्चचे फादर ओल्या चड्डीवर टॉवेल गुंडाळून थेट बॉयलरपाशी येऊन उभे राहिले होते. क्लिफर्डचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. ऊब बरोबर असली की ती कुणाच्या ध्यानात येत नाही, हे त्यानं कधीच मान्य करून टाकलं होतं. थॉर्नशॉ म्हणजे लँकशायरमधल्या टेकड्यांत दडपलेलं गाव, वर्षाचे आठ महिने ओलं, आणि गावात एकच जागा अशी की जिथं माणसाचे दात वाजत नसत. ती जागा गरम ठेवणारा माणूस आपण, एवढा अभिमान त्याला पुरत होता.

तलावाचं पाणी चौऱ्याऐंशी फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबानं एकोणतीस अंश. उथळ टोकाला चौऱ्याऐंशी, खोल टोकाला चौऱ्याऐंशी, चारही कोपऱ्यांत चौऱ्याऐंशी. विशीत असताना ज्या म्हाताऱ्या बॉयलरवाल्याच्या हाताखाली तो शिकला त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एका कोपऱ्यात चटका आणि दुसऱ्यात हुडहुडी, हे आळशी माणसाचं काम. दिसलं तर थोबाडीत देईन." क्लिफर्डनं थोबाडीत कधी खाल्ली नाही. दिवसातून तीनदा चारही कोपऱ्यांतलं तापमान तो वहीत टिपायचा, आणि कुणी सल्ला द्यायला लागलं की एकच वाक्य बोलायचा, "माझं कामच ते." त्या वाक्यापुढं बोलणाऱ्याचं तोंड आपोआप मिटायचं.

तलावाच्या शेवटच्या हिवाळ्यात, जानेवारीत, सकाळी कुलूप काढायला गेला तर दारात फळांची एक लाकडी पेटी. आत जुन्या पडद्यात गुंडाळलेली हातभर लांबीची घोरपड, दगडासारखी गार. पडद्याला टाचणीनं लावलेल्या चिठ्ठीवर चार शब्द होते: 'हिला ऊब लागते. सॉरी.' आफ्रिकेतली ही घोरपड कुणीतरी हौसेनं पाळली असणार आणि हौस फिटल्यावर गावातल्या सगळ्यात गरम दारात आणून सोडली असणार. क्लिफर्डनं पेटी तळघरात नेली, बॉयलरच्या बाजूला ठेवली आणि चहा प्यायला बसला. दुसऱ्या कपापर्यंत पडदा हलला. एक डोळा उघडला. निळसर, दुभंगलेली जीभ बाहेर आली आणि तिनं सगळ्या तळघराचा वास घेतला.

त्याच्या उबेनं एखाद्याचं काय होतं हे त्यानं समोर बसून बघितलेलं ते पहिलंच. तो तिथंच पाघळला.

मार्चमध्ये तलाव बंद झाला. क्लिफर्ड एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात फळांची पेटी घेऊन कायमचा घरी आला. दारात बेरिल, त्याची बायको, कमरेवर हात ठेवून उभी.

"घड्याळ देतात म्हणे निवृत्तीला," ती म्हणाली. "तुला मगर दिली?"

"घोरपड आहे ती."

"मग ठीक आहे. मला वाटलं काहीतरी विचित्रच आणलंस."

नाव बेरिलनंच ठेवलं, मेबल. तिची एक आत्या होती या नावाची. तीही काही विचारलं की नुसती टक लावून बघायची आणि उत्तर न देता जेवायला बसायची.

तलाव पाडायला घेतला तेव्हा क्लिफर्डनं कपडे बदलायच्या खोपट्यांची दारं मागून आणली. हिरव्या रंगाची, वर पितळी आकडे. त्या दारांतून त्यानं मागच्या खोलीत मेबलची खोली उभी केली: बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. भिंतींत लोकर ठासली, फटी बुजवल्या, खाली गुडघाभर माती घातली. पुढच्या काचेशेजारच्या दारावर सतरा नंबर तसाच राहिला. भिंतींच्या तळाशी चारही बाजूंनी गरम नळ्या फिरवल्या, आणि चार कोपऱ्यांत चार तापमापकं लावली. आठव्या दिवशी चारहींवर एकच आकडा आला. चौऱ्याऐंशी. त्या दिवशी त्यानं नवी वही आणली.

त्याचं बाकीचं घर गारच असायचं. बेरिल पुढच्या खोलीत दोन स्वेटर, गुडघ्यांवर घोंगडी आणि पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन टीव्ही बघायची.

"पुढच्या जन्मी मला शेपूट दे रे देवा," ती छताकडं बघून म्हणायची. "म्हणजे या घरात माझीही कुणी विचारपूस करील."

"ये ना मागं बसायला. जागा आहे."

"सापाच्या मावशीबरोबर? नको. मी गारठलेलीच बरी."

पण जायची. दुपारचा चहा ती काचेसमोरच्या खुर्चीत बसूनच घ्यायची, हे शेजारच्या गल्लीलासुद्धा माहीत होतं.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. मेबल एका नळीला घट्ट बिलगून पडायला लागली. तासन् तास, पोट नळीला दाबून. एक दिवस क्लिफर्डला तिच्या कुशीवर रुपयाएवढा फोड दिसला. त्याच दिवशी त्यानं सगळ्या नळ्यांपुढं लाकडी पट्ट्यांचं कुंपण घातलं, चांगलं वीतभर अंतर सोडून, म्हणजे तिला कशालाच अंग लावता येऊ नये.

बेरिल काचेतून बघत होती. मेबल कुंपणाशी येऊन पट्ट्या नखांनी ओरबाडत होती.

"क्लिफ, तिला ते हवंय रे."

"भाजली की ती!"

"भाजली, तरी तिथंच जातेय ना? आपली मांजर होती तेव्हा शेगडीत जायची फक्त बाकी असायची. काहीतरी असेल त्यात."

"मांजर वेगळी. ऊब कशी द्यायची हे तू मला शिकवू नकोस, बेरिल. माझं कामच ते."

बेरिलनं कप उचलला आणि पुढच्या खोलीत गेली. चार दिवस मेबलनं पट्ट्या ओरबाडल्या, मग सोडून दिलं. क्लिफर्डला वाटलं, समजली बिचारी.

पबच्या माडीवर महिन्यातून एकदा साप-सरडे पाळणाऱ्यांचा क्लब भरायचा. तिथं तो एकदाच गेला. मानेपर्यंत गोंदवलेल्या एका तरुणानं त्याला सांगितलं, आजोबा, एका टोकाला दिव्यांचा भट्टीसारखा चटका हवा, दुसऱ्या टोकाला गारवा हवा, तिचं तिला ठरवू द्या. क्लिफर्डला तो म्हातारा बॉयलरवाला आठवला. एका कोपऱ्यात चटका आणि दुसऱ्यात हुडहुडी! गोंदलेल्या पोरानं शिकवावं आणि आपण ऐकावं? त्यानं बिअर अर्धी टाकली, टोपी घातली आणि घरी आला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मला या माणसाचा राग येतो तो इथं. त्याला सांगितलं गेलं होतं. एकदा नाही, दोनदा. एकदा बायकोनं आणि एकदा परक्यानं.

आठ वर्षं त्यानं मेबलला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सकाळी उठला की आधी चार कोपरे, मग चहा. ती वाढली, चार फूट झाली, जाड झाली. उंदीर, अंडी, जे देईल ते खायची आणि दिवसभर पडून राहायची. मान मातीवर, डोळे अर्धे मिटलेले. कुणी बघायला आलं की क्लिफर्ड हलक्या आवाजात म्हणायचा, "बघा, किती सुखात पडलीय. कधी हलतसुद्धा नाही."

यंदा नोव्हेंबरात मेबलचा पुढचा डावा पाय सुजला. सांधा लिंबाएवढा झाला. मग तिनं खाणं सोडलं. क्लिफर्डनं आधी हवेला दोष दिला, मग मातीला, मग अंड्यांना. तापमानाला दोष द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. तेवढी एकच गोष्ट तर त्याला खात्रीनं येत होती.

अशा जनावरांची डॉक्टरीण पुढच्या गावात होती. कॅरिस प्रॉथरो तिचं नाव, वेल्सची, तिशीतली, बोलणं हळू. क्लिफर्ड आणि बेरिल मेबलला घेऊन तिच्याकडं गेले. तिनं मेबलला टेबलावर घेतलं, सांधे चाचपले, रक्त काढलं, फोटो काढला. मग हात धुऊन समोर बसली.

"कशी ठेवता हिला, मिस्टर टॅटरसॉल? गरम जागेचं तापमान किती?"

क्लिफर्ड याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं पिशवीतून आठ वह्या काढल्या आणि टेबलावर रचल्या.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "चारही कोपऱ्यांत. आठ वर्षं. एक दिवस चुकला नाही. बघा तुम्ही."

डॉक्टरीणबाईनं पहिली वही उघडली. मग मधली. मग शेवटची. कुठलंही पान उघडा, सकाळ, दुपार, संध्याकाळ, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तिनं वही मिटली.

"याहून गरम जागा कुठंच नाही?"

"नाही. तशी राहूच दिली नाही."

"बरं." तिनं खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही काय काम करायचात?"

"बॉयलर सांभाळायचो. तलावाचा."

"मग मला एक सांगा. बॉयलर कधीच पुरता तापवला नाही, वर्षानुवर्षं नुसता कोमटच चालवला, तर काय होतं?"

क्लिफर्ड हसला. हे तर पोरालाही ठाऊक असतं. "नळ्यांना आतून घाम धरतो. वरून बॉयलर चांगला दिसतो, पण नळ्या आतून..."

तो थांबला. बेरिलनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती मेबलच्या पाठीवर बोट ठेवून बसली होती.

"सडतात," क्लिफर्डनं वाक्य पुरं केलं.

"तसंच झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तिच्या स्वतःच्या अंगात ऊब तयार होत नाही. ती बाहेरून घ्यायची, कडकडीत, एकशेतीस फॅरनहाइटच्या दगडावर पडून. अंग तापलं की खाल्लेलं पचतं, रक्त साफ होतं. मग उठून सावलीत जायचं. तुमच्याकडं ती जेवत होती, पण अंग कधी तापलंच नाही. मूत्रपिंडं गेलीत. सांध्यांत जमलंय ते त्याचंच विष आहे."

"आता तापवलं तर?"

"तिला बरं वाटेल."

"बरी होईल का, ते विचारतोय मी."

"नाही, मिस्टर टॅटरसॉल."

करायला गेला काय आणि उलटे झाले पाय. गाडीत बसल्यावर क्लिफर्डला किल्लीचं भोक सापडेना. बेरिलनं त्याच्या हातातली किल्ली घेऊन लावली. टोमणा मारायची एवढी संधी तिला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती, पण तिनं तोंडातून शब्द काढला नाही. ते त्याला जास्त लागलं.

घरी आल्यावर त्यानं कोट काढला नाही. चार झगझगीत दिवे आणले, अंगणात उजेड पाडायला लावतात तसले, आणि एका ओळीत एका टोकाला बसवले, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत सगळी एकदम तापेल. खाली दारांबरोबर आणलेल्या तलावाच्या जुन्या फरशांचा ओटा रचला. दुसऱ्या टोकाच्या नळ्या काढून टाकल्या. नळी सोडवताना त्याचे हात काम करायला तयार नव्हते. पन्नास वर्षांच्या सवयीचे हात ते, मुद्दाम गार कोपरा करायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. शेवटी त्यानं लाकडी पट्ट्यांचं कुंपण उपटलं. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते, सात वर्षांपूर्वीचे, खोल. तो त्यांच्यावरून अंगठा फिरवत बसला. बेरिलनं येऊन पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी एकशेतीसला पोचली. मेबलनं मान उचलली. जीभ बाहेर काढली. मग सुजलेला पाय ओढत, थांबत, पुन्हा ओढत ती ओट्यापर्यंत गेली आणि वर चढली. चढली आणि पसरली. फासळ्या बाजूला फाकवून तिनं अंग दुप्पट रुंद केलं, पोट फरशीला चिकटवलं आणि डोळे मिटून घेतले. तिचं अंग असं पसरलेलं दोघांनी कधी बघितलं नव्हतं.

"भाजेल का गं?" क्लिफर्डनं विचारलं.

"गप्प बस."

चाळीस मिनिटं झाली. मग मेबल आपणहून उठली. ओट्यावरून खाली उतरली, खोलीच्या गार टोकाला चालत गेली, पाण्याच्या घमेल्यात तोंड घालून प्यायली आणि तिथंच मातीत आडवी झाली.

"कुठं चालली ती?" क्लिफर्ड घाबरून म्हणाला. "काय झालं? बिघडलं का काही?"

"काही नाही झालं," बेरिल म्हणाली. "पुरे झालं तिला."

क्लिफर्डला ते कळायला जरा वेळ लागला. पुरे झालं. आठ वर्षांत मेबल कुठूनही अशी उठून गेली नव्हती, कारण आठ वर्षांत तिला पुरलंच नव्हतं. त्याला रडू फुटलं, ओठ दाबूनही थांबेना.

"मी सगळ्यांना सांगायचो, सुखात पडलीय म्हणून. ती वाट बघत होती गं, बेरिल. तापण्याची वाट बघत पडायची."

बेरिलनं त्याची समजूत काढली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. "हो," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पुढचे पंधरा दिवस मेबल रोज ओट्यावर चढली, तापली आणि उतरली. पाचव्या दिवशी तिनं अंडं खाल्लं, तेव्हा क्लिफर्डनं डॉक्टरीणबाईला फोन लावून ओरडून सांगितलं. तिनं "छान" म्हटलं आणि पुढं काही म्हटलं नाही. बाराव्या दिवशी दुसरा पाय सुजला. सोळाव्या दिवशी तिला ओटा चढवेना, म्हणून क्लिफर्डनं फरशा काढून दिवेच खाली आणले. अठराव्या दिवशी तिनं जीभ बाहेर काढली नाही. क्लिफर्डनं फोन उचलला, आणि गुरुवार सकाळची वेळ ठरली.

गुरुवारी बाहेर सगळं पांढरं पडलं होतं. क्लिफर्डनं गाडी अर्धा तास आधी सुरू करून आतली हवा गरम करून ठेवली. मेबलला तासभर दिव्यांखाली राहू दिलं, मग उचलून त्याच जुन्या पडद्यात गुंडाळलं. पेटी आता तिला पुरत नव्हती, म्हणून कपड्यांची टोपली घेतली. तळाशी त्यानं दोन गरम पिशव्या घातल्या. बेरिलनं आपल्या स्वेटरखालून तिसरी काढली.

"घे. तुझ्या लाडकीच्या पोटाशी ठेव."

"आणि तू?"

"माझी गारठ्याची सवय मोडलेली नाही," बेरिल म्हणाली. मेबलवरूनचा तिचा तो शेवटचा टोमणा होता, आणि तोही तिनं हळूच मारला. टोपली तिनं वाटभर मांडीवर धरली.

डॉक्टरीणबाईनं पडदा उलगडला. मेबलच्या पोटाखाली हात घातला आणि तो तिथंच राहू दिला. मग तिनं काखेत तापमापक लावून बघितलं.

"किती व्यवस्थित गरम आहे ही," ती म्हणाली. "लोक थंड करून आणतात हो. गारठलेल्या अंगात हे शेवटचं औषध पसरत नाही, तास तास लागतात, फार हाल होतात त्यांचे. हिला काही कळणारसुद्धा नाही." ती क्लिफर्डकडं बघून मनापासून हसली. "अगदी हवी तेवढीच ऊब दिलीत तुम्ही."

एकतीस वर्षं तलावावर आणि आठ वर्षं घरी, हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. क्लिफर्डनं डोक्यावरची टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली.

"माझं कामच ते, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला.